खुरपं माझं, चाळण पोराची: ओढ्यात सापडलेला दात कुणाचा?

ओहोळ | १३ एप्रिल, रात्री ९.२०

न्यू जर्सीत राहणाऱ्या बऱ्याच जणांना बिग ब्रुक ठाऊक असेल. मॉनमथ काउंटीत कोल्ट्स नेक आणि मार्लबोरोकडून वाहणारा साधा ओढा, बहुतेक ठिकाणी गुडघाभर पाणी. त्याच्या तळच्या वाळूत आणि गोट्यांत साधारण ७ कोटी वर्षांपूर्वीच्या शार्कचे दात सापडतात. आम्ही चौघं मित्र गेली सहा वर्षं दर एप्रिलात जातो. बर्फ वितळून, दोन-चार मोठे पाऊस होऊन ओढ्याने नवा माल खाली आणलेला असतो आणि गर्दीही अजून सुरू झालेली नसते.

आमच्यात कामं वाटलेली असतात. एकजण खुरप्याने तळ उकरून चाळणीत भरतो, एकजण पाण्यात धरून चाळतो, बाकीचे दोघं चाळणीत डोकं घालतात. तासाभराने अदलाबदल.

गेल्या शनिवारी खुरपं माझ्याकडे होतं. चाळण एका मित्राच्या नऊ वर्षांच्या मुलाकडे. त्याने छान धुतली, दोन बारके दात वेचून डबीत टाकले आणि उरलेले गोटे काठावर ओतले. पाचेक मिनिटांनी आमच्यातला सगळ्यात जुना आणि जाणता मित्र त्या ढिगाजवळून जाता जाता थबकला, वाकला आणि त्याने एक दात उचलला. बोटाच्या दोन पेरांएवढा, काळपट तपकिरी, शंकूसारखा, टोकाशी किंचित वाकलेला. मोसासॉरचा! म्हणजे शार्कचा नव्हेच, समुद्रात राहणाऱ्या अवाढव्य सरड्याचा. सहा वर्षांत आमच्यापैकी कुणालाही मिळाला नव्हता.

मित्राने तो आपल्या डबीत ठेवला. मुलगा तेव्हा काही बोलला नाही, गाडीत बसल्यावर रडला. एरवी परतताना आम्ही एडिसनला डोसा खायला थांबतो. या वेळी कुणीच थांबू या म्हणालं नाही.

खुरपं माझं, चाळण पोराची, नजर मित्राची. दात कुणाचा? तुमच्या ग्रुपात असं काही आधी ठरलेलं असतं का? मला मनापासून उत्तर हवंय, कारण पुढच्या एप्रिलातही आम्हा चौघांना एकाच गाडीतून जायचंय.

पायवाट | १३ एप्रिल, रात्री ९.४१

ज्याच्या हाती ससा तो पारधी. विषय संपला.

चिंचगूळ | १३ एप्रिल, रात्री ९.५८

पायवाट, विषय कसा संपला? ससा आधी पोराच्याच हाती होता की. त्याला ओळखता आला नाही इतकंच. नऊ वर्षांच्या मुलाला मोसासॉर कळावा ही अपेक्षाच चूक. दात मुलाचा.

दुपारचा_चहा | १३ एप्रिल, रात्री १०.०५

कसेल त्याची जमीन, चाळेल त्याचा दात!

कातळकडा | १४ एप्रिल, सकाळी ७.१२

मी पुण्याचा, यातलं काही माहीत नाही, पण धागा वाचून झोप उडाली. शार्क समुद्रातला, दात ओढ्यात कसे? आणि दातच का, बाकीची हाडं का नाहीत?

मोरीमसाला | १४ एप्रिल, सकाळी ८.३०

कातळकडा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या मालवणात पानावरच मिळतं. मोरी म्हणजे आमचा छोटा शार्कच. मोरीचं मटण खाल्लं असेल त्याला विचारा, काटा कधी घशात अडकतो का? अडकत नाही, कारण तिला काटाच नसतो. मधला कणा मऊ, कुर्चेचा, तो कुरकुर चावून खाता येतो. मेल्यावर हे सगळं कुजून जातं, टणक राहतात ते दात. आई मोरीवर कढत पाणी ओतून कातडी खरवडायची, ती कातडी उलटा हात फिरवला तर कानशीसारखी लागते.

दुपारचा_चहा | १४ एप्रिल, सकाळी ८.४४

सकाळी साडेआठला मोरीचं मटण. मोरीमसाला, तुम्हाला पाप लागेल.

भूस्तर | १४ एप्रिल, सकाळी ११.०२

मोरीमसाला यांनी अगदी बरोबर सांगितलं. त्यात भर एवढीच की शार्कच्या जबड्यात दातांच्या रांगांमागे रांगा तयार असतात. पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो. एक शार्क जन्मभरात हजारो दात टाकतो, त्यामुळे सांगाडे दुर्मीळ आणि दात मुबलक.

आता ओढ्यात कसे ते. न्यू जर्सीचा हा भाग क्रिटेशस काळाच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळाच्या, अखेरीस उथळ समुद्राखाली होता. त्या समुद्राच्या तळाची हिरवट, चिकट वाळूमाती आज जमिनीखाली आहे. तिला तिकडे मार्ल म्हणतात. पूर्वी शेतकरी ती खणून खत म्हणून शेतात पसरायचे, आणि मार्लबोरो गावाचं नावही तिच्यावरूनच पडलं. १८५८ साली हॅडनफील्डला अशाच मार्लच्या खाणीतून हॅड्रोसॉरस या डायनोसॉरचा सांगाडा निघाला, तो अमेरिकेत तोवर मिळालेला सगळ्यात पूर्ण सांगाडा होता. बिग ब्रुक हे थर कापत वाहतो. पावसात काठ ढासळतात, माती वाहून जाते, जड दात तळाच्या खड्यांत अडकून राहतात. ओढा स्वतःच चाळतो, आपण फक्त शेवटचा हात फिरवतो.

शोधायचं कुठे, तर वळणाच्या आतल्या बाजूला, आडव्या पडलेल्या ओंडक्यामागे, जिथे पाणी मंदावतं आणि खडे साठतात तिथे. नुसत्या बारीक वाळूत वेळ घालवू नका.

कातळकडा | १४ एप्रिल, सकाळी ११.२०

७ कोटी वर्षं? मग हे दात सह्याद्रीच्या कातळापेक्षा जुने झाले की!

भूस्तर | १४ एप्रिल, सकाळी ११.३५

होय. दख्खनचा लाव्हा वाहिला तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. हा शार्क तिकडे पोहत होता तेव्हा हरिश्चंद्रगड नव्हता, कोकणकडाही नव्हता.

कातळकडा | १४ एप्रिल, सकाळी ११.३८

हे वाक्य पुढच्या ट्रेकला कोकणकड्यावर बसून सगळ्यांना ऐकवणार. बरं, मग आपल्याकडे कुठे मिळतील का असे दात?

भूस्तर | १४ एप्रिल, दुपारी १२.१५

महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्ह्याच्या खडकाचा, त्यात मासे कुठून येणार? त्या खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे सुंदर स्फटिक मिळतात, तो वेगळा छंद. डायनोसॉरसाठी चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा आणि गडचिरोलीत सिरोंच्याजवळचं वडधम प्रसिद्ध आहे. शार्कच्या दातांसाठी कच्छला जावं लागेल, किंवा ओडिशात बारीपद्याजवळ बुढाबळंग नदीकाठी, तिथे मायोसीन काळातल्या (डायनोसॉरांच्या बऱ्याच नंतरच्या) समुद्राचे थर उघडे पडलेत. जैसलमेरच्या ज्युरासिक खडकांत मिळालेल्या दातांवरून २०२१ साली हायबोडॉन्ट या नामशेष गटातल्या शार्कची एक नवी जात नोंदली गेली, स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस. तिचे दात टोकदार नाहीत, शिंपले भरडण्यासाठी चपटे आहेत. पण अशा ठिकाणी बघा, फोटो काढा, परवानगीशिवाय काही उचलू नका.

रानजाई | १४ एप्रिल, संध्याकाळी ६.५०

ओहोळ, मूळ प्रश्नाकडे येते, कारण असं भांडण आमच्या घरात होऊन गेलंय.

आम्ही फ्लोरिडात राहतो. आमची नदी म्हणजे पीस नदी, आर्केडियाजवळची. चहाच्या रंगाचं पाणी, काठावर ओकची झाडं आणि त्यांना लोंबणारं राखाडी शेवाळासारखं झुबकेदार काहीतरी. हिवाळा ते मे पाणी कमी असतं तेव्हाच जायचं, पावसाळ्यात नदी भरते आणि तळ हाताला लागत नाही. आम्ही होडी भाड्याने घेतो, वल्हवत खाली जातो आणि उथळ जागा दिसली की उतरतो. तिथल्या मातीत फॉस्फेट भरपूर, त्यामुळे दात काळेशार. बऱ्याच जणांना वाटतं जितका काळा तितका जुना. तसं नाही, ज्या मातीत तो पडून राहिला तिचा तो रंग.

तिथे मेगालोडॉन या नामशेष, अवाढव्य शार्कचे दात मिळतात. शिवाय पाकटाच्या दातांच्या पट्ट्या, डुगाँगच्या (समुद्रगाईच्या) दगडासारख्या जड बरगड्या, नशीब असेल तर मॅमथचा तुकडा. शार्कच्या दातांना परवाना लागत नाही, पण इतर पाठीच्या कण्याच्या प्राण्यांची हाडं घ्यायची तर फ्लोरिडा म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीचा परवाना काढावा लागतो. मगरी असतात, म्हणून एकटीने कधी जायचं नाही, संधिप्रकाशात पाण्यात थांबायचं नाही.

आता भांडण. तीन वर्षांपूर्वी माझी जाऊ पाण्यात उभी होती. म्हणाली, पायाला काहीतरी टोचतंय. मी वाकले, हात घातला, आणि माझ्या तळव्याएवढा मेगालोडॉनचा दात वर आला. एका बाजूचं मूळ तुटलेलं, पण कडेचे बारीक दाते नखाला अजून लागत होते. पाय तिचा, हात माझा. दोघी आठवडाभर एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोललो. मग सासूबाईंनी फोनवर निकाल दिला: जिला टोचला तिचा. मी दिला. जड गेलं, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून आमच्यात दोन गोष्टी ठरल्यात. एक, चाळण ओतली की तो ढीग सगळ्यांचा. दोन, लहान मुलांची चाळण ओतण्याआधी मोठ्याने बघायची आणि काही दिसलं तर बोट न दाखवता नुसतं म्हणायचं, "अजून एकदा बघ रे." तुमचा मित्र पहिल्या नियमाने बरोबर आहे. पण मुलाच्या पाठीशी दुसरा नियम सांभाळायला कुणी नव्हतं, ती जबाबदारी तुम्हा चौघांची होती.

चिंचगूळ | १४ एप्रिल, संध्याकाळी ७.०५

रानजाई, "अजून एकदा बघ रे" फार आवडलं. जाऊबाईंनी दात दाखवायला तरी ठेवलाय का?

रानजाई | १४ एप्रिल, संध्याकाळी ७.११

त्यांच्या दिवाणखान्यात गणपतीशेजारी आहे. दर वेळी गेले की हातात घेऊन येते.

गुजरीकर | १४ एप्रिल, रात्री १०.३०

ओतलेल्या ढिगावरून आठवलं. मी कोल्हापूरचा, बालपण गुजरीत गेलं. पहाटे झारेकरी यायचे, सोनारांच्या दुकानांपुढची धूळ बारीक कुंच्याने गोळा करायचे आणि पाटीत धुऊन त्यातला सोन्याचा कण काढायचे. पाटी अशी गोल फिरवायचे की माती पाण्याबरोबर निघून जायची आणि जड ते तळाला राहायचं. भूस्तरकाकांनी ओढ्याबद्दल सांगितलं ते हुबेहूब तेच. आणि मातीतून निघालेला कण झारेकऱ्याचा, सोनार कधी मागे लागायचा नाही. मी मित्राच्या बाजूने.

चिंचगूळ | १४ एप्रिल, रात्री १०.४६

पण गुजरीकर, सोनाराला पक्कं माहीत असतं की या धुळीत सोनं जातंय. त्याने ते मनाने सोडलेलं असतं. पोराने दात सोडला नव्हता, दगड सोडला होता.

गुजरीकर | १४ एप्रिल, रात्री १०.५२

हा मुद्दा बिनतोड आहे. आणि आता आठवतंय, काही दुकानदार वर्षाची धूळ झारेकऱ्यांना पैसे घेऊनच द्यायचे. विचार करतो.

पायवाट | १५ एप्रिल, सकाळी ६.१५

माझं मत कायम. ओळखणं हेच शोधणं. न ओळखलेला दात अजून ओढ्यातच असतो, मग तो चाळणीत असो की काठावर.

कातळकडा | १५ एप्रिल, सकाळी ९.००

ऑगस्टमध्ये बहिणीकडे एडिसनला येतोय. मोसासॉर राहू दे, साधा शार्कचा दात तरी मला ओळखता येईल का? आणि काय काय सोबत घ्यायचं?

ओहोळ | १५ एप्रिल, सकाळी ९.४०

नक्की येईल. पहिला दात मिळेपर्यंत सगळे दगड दातांसारखे दिसतात, एकदा मिळाला की नजर बसते. चमक बघा. ओल्या दगडाची चमक सुकल्यावर जाते, दाताची टिकते. बिग ब्रुकला सगळ्यात जास्त मिळतो तो गॉब्लिन शार्कच्या जातीतला, लांब, निमुळता, दाभणासारखा, आतल्या अंगाला उभ्या बारीक रेघा. दुसरा स्क्वॅलिकोरॅक्स या नामशेष शार्कचा, कोयत्याच्या पात्यासारखा वाकलेला आणि कडेला करवतीचे दाते. त्रिकोणी दाताच्या दोन्ही बाजूंना पिटुकली टोकं असतील तर तो आणखी वेगळा. बंदुकीच्या गोळीसारखं, मधाच्या रंगाचं काही दिसलं तर ते बेलेम्नाइट, माकुळाच्या जातीच्या प्राण्याच्या शरीरातला कडक भाग. तो उन्हात धरून बघा, आरपार उजेड दिसतो.

नियम पाळायचेच: चाळण १८ इंच लांब-रुंदीपेक्षा मोठी नको, खुरप्याचं पातं ६ इंचांपर्यंत, काठ खणायचा नाही, माणशी दिवसाला ५ च जीवाश्म न्यायचे. आमची चाळण लाकडी चौकटीला पाव इंची जाळी ठोकून केलेली आहे. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातमोजे (तळाला फुटक्या काचा असतात), कोरडे मोजे गाडीत. आणि घरी गेल्यावर अंगभर गोचीड तपासायचे. आळस करू नका, लाइम आजार वाईट असतो.

दुपारचा_चहा | १५ एप्रिल, सकाळी ९.५५

पाचाची मर्यादा आहे तर मग मोसासॉर धरून मित्राच्या डबीत पाच झाले होते की सहा?

ओहोळ | १५ एप्रिल, सकाळी १०.०२

पाच. त्याने एक गॉब्लिनचा परत ओढ्यात टाकला होता. या बाबतीत तो फार काटेकोर आहे.

चकमक | १६ एप्रिल, रात्री ११.४८

तो मित्र मी. ओहोळने काल या धाग्याची लिंक पाठवली, सगळं वाचलं.

बाजू मांडायला आलो नाही, पण काय घडलं ते लिहितो. मी अकरा वर्षं बिग ब्रुकला जातोय, या लोकांच्या आधीपासून. मोसासॉरचा दात मी ट्रेंटनच्या, म्हणजे न्यू जर्सीच्या राजधानीतल्या, संग्रहालयात काचेमागे पाहिला होता, इतरांच्या फोटोंत पाहिला होता. त्या दिवशी ढिगावर ऊन पडलं होतं. सगळे गोटे सुकून मळकट झालेले आणि त्यात एकच गोष्ट चमकत होती. हातात घेतला तेव्हा खालचं पाणी ऐकू येईनासं झालं. तो कुणाच्या चाळणीतून आला हा विचार मनात आलाच नाही. डबीत ठेवताना मुलाकडे पाहिलं असतं तर कदाचित आला असता.

पायवाट यांनी माझ्या बाजूने लिहिलंय, आभार. पण चिंचगूळताईंचं "दगड सोडला होता" हे वाक्य कालपासून डोक्यातून जात नाहीये.

भूस्तरकाका, एक विचारायचंय. दात मुलाला दिला तर तो शाळेत नेईल, हातोहाती फिरेल, हरवेल. इतका दुर्मीळ दात तसा जाऊ देणं योग्य आहे का? की संग्रहालयात द्यावा?

भूस्तर | १७ एप्रिल, सकाळी ७.३०

चकमक, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं.

दात आधी ट्रेंटनला न्या, तिथल्या लोकांना दाखवा. त्यांना संग्रहासाठी हवा असेल तर प्रश्नच मिटला. नको असेल तर कुणाच्या घरी राहतो यापेक्षा त्याच्यासोबत चिठ्ठी राहते का हे महत्त्वाचं. कुठल्या ओढ्यात, कुठल्या पुलापासून किती अंतरावर, कुठल्या तारखेला, कुणी काढला. चिठ्ठी हरवलेला दात म्हणजे नुसती शोभेची वस्तू. मी नोकरीत असताना पेट्याच्या पेट्या अशा पाहिल्यात, उत्तम नमुने आणि कुठून आले याचा पत्ता नाही. जीव तुटायचा.

शार्कचे दात हे दातच आहेत हेही माणसाला उशिरा कळलं. युरोपात त्यांना जिभेचे दगड म्हणत, विषावर उतारा म्हणून जवळ बाळगत. १६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळ एक मोठा शार्क पकडला गेला, त्याचं डोकं फ्लॉरेन्सला स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे पाठवलं. त्याने ते फाडून तपासलं, जबड्यातले दात आणि ते दगड जुळवून पाहिले आणि पुढच्याच वर्षी छापून सांगितलं की दोन्ही एकच. थरांच्या अभ्यासाकडे तो त्याच वाटेने वळला. म्हणून मुलाच्या हाती दात देणं वाया जात नाही, फक्त चिठ्ठीसकट द्या.

चिंचगूळ | १७ एप्रिल, सकाळी ८.०५

चकमक, तुमचं लिहिणं वाचून माझाच आवाज खाली आला. अकरा वर्षं हे मला माहीत नव्हतं.

मोरीमसाला | १७ एप्रिल, सकाळी ८.२०

अवांतर: चिठ्ठीबद्दल धन्यवाद काका. माझ्याकडे आजोबांनी वाळवून ठेवलेला मोरीचा जबडा आहे, आज त्यावर त्यांचं नाव, गाव लिहून ठेवतो. साल आईला विचारावं लागेल.

ओहोळ | ४ मे, रात्री ८.१५

धागा वर काढतोय, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून पुढे काय झालं विचारलं.

चकमक आणि तो मुलगा दोघं ट्रेंटनला जाऊन आले. मी मुद्दाम गेलो नाही. मोसासॉरचाच आहे हे पक्कं झालं, संग्रहालयाकडे असे दात आहेत, त्यांना हा ठेवून घ्यायची गरज वाटली नाही. परतताना मुलाने चकमकला विचारलं म्हणे, की तुला लांबून कसा दिसला? मग दोघांनी चकमकच्या अंगणात गोटे ओले करून उन्हात पसरले, त्यात जुने दात मिसळले आणि ते सुकेपर्यंत बसून राहिले.

दात सध्या मुलाकडे आहे. कापसाच्या डबीत, झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलेली. अक्षर मुलाचं. बिग ब्रुक, हिल्सडेल रोडच्या पुलापासून किती पावलं, तारीख, आणि खाली तीन ओळी: खणला, चाळला, ओळखला. प्रत्येकापुढे एकेक नाव. पहिलं माझं आहे. मला ते अपेक्षित नव्हतं.

पुढच्या वर्षीपासून लहान मुलांची चाळण ओतण्याआधी रानजाईंचं वाक्य म्हणायचं हे ठरलंय.

रानजाई | ४ मे, रात्री ८.४०

डोळे भरून आले. जाऊबाईंना वाचून दाखवते.

पायवाट | ४ मे, रात्री ९.०२

माझं मत कायम आहे, पण चिठ्ठीला माझा पाठिंबा.

कातळकडा | ४ मे, रात्री ९.१०

ओहोळ, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी मी तिकडे आहे. तेव्हा पाणी असतं का ओढ्याला? आणि मला खुरपं मिळेल की चाळण?

ओहोळ | ४ मे, रात्री ९.१७

पाणी असतं, डासही असतात. पहिल्यांदा येणाऱ्याला चाळण. सकाळी आठला एडिसनहून निघू, बूट कितव्या मापाचे लागतात ते कळवा.